जुन्या मोटारीचा साज : अस्सल मालाची पारख आणि व्यापाराची अमानत

रत्नागिरीत साठ वर्षांच्या मोटारीचे इंजिन उघडणारा मिस्त्री आजही मिळतो. लेथचे काम असेल तर आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात जावे, दोन दिवसांत ते होऊन येते. गंजलेला पत्रा कापून नवा जोडणारेही आपल्याकडे आहेत. पण त्याच मोटारीच्या नाकावरचे चार बोटांचे नाव, दारावरून धावणारी चकाकती पट्टी, काच वरखाली करण्याचे हँडल, चाकावरची वाटी आणि सीटवरचे मूळ कापड मिळवताना मालकाची दमछाक होते. इंजिन सुरू होऊन वर्ष उलटते, तरी गाडी पडवीत अर्धवट उभी असते.

या सर्व वस्तूंना आम्ही साज म्हणतो. घोडा साजाविनाही धावतो, पण वरातीत उभा राहत नाही. तसेच हे आहे. हा विषय व्यापार-उद्योगाच्या पानावर घेण्याचे कारण असे की, या साजाच्या खरेदी-विक्रीत आणि दुरुस्तीत आपल्या समाजातील दुकानदार व कारीगर मोठ्या संख्येने आहेत. भंगारवाले, कुशनवाले, मुलामा देणारे, बफिंग करणारे, डेंटिंग-पेंटिंगवाले या सर्वांची रोजी यात आहे. आम्ही कापडाचे व्यापारी. जुन्या गाडीचे अस्तर दाखवून 'असेच द्या' म्हणणारी गिऱ्हाइके आमच्याकडे येऊ लागली, तेव्हा या बाजाराकडे आमचे लक्ष गेले.

मागणी का वाढली?

पहिले कारण कायद्याचे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली असेल तर तिला ही नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि पुढच्या नूतनीकरणास ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरास किंवा भाड्याने चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व दुरुस्ती अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे 'मूळ रूप' या दोन शब्दांना आता सरकारी कागदावर किंमत आली आहे.

दुसरे कारण भावनेचे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यातून निघालेली फियाट आणि तिचीच पुढची पद्मिनी ही मुंबईची टॅक्सी होती. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. ताडदेवच्या कार्यालयात अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. अॅम्बेसेडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये बंद पडले होतेच. ज्या वस्तूची काल कोणी कदर केली नाही, ती नाहीशी होताच तिची किंमत कळते. कोकणातील कितीतरी घरांत आजोबांनी किंवा आखातात कष्ट केलेल्या वडिलांनी घेतलेली गाडी झापाखाली पडून आहे. नातवंडे आता ती पूर्वीसारखी उभी करू पाहतात.

आधी साल, मग सामान

या खरेदीत पैसा वाया जातो तो बहुधा साल ठरवण्याआधी सामान घेतल्यामुळे. 'जुन्या फियाटचे ग्रिल' असे काही नसते. फियाट ११०० भारतात १९५४ पासून निरनिराळ्या रूपांत आली. एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट ही गोल अंगाची जुनी रूपे. तिचे बाजारातील टोपणनाव आमच्या वाचकांना ठाऊक आहे, ते आम्ही येथे लिहीत नाही. साठीच्या दशकाच्या मध्यास ११००-डी म्हणजे डिलाइट आली. फियाटशी असलेला परवान्याचा करार संपल्यावर १९७२ च्या सुमारास तिचे नाव प्रीमियर प्रेसिडेंट झाले, आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. अंग जवळजवळ तेच राहिले, नावाची अक्षरे मात्र बदलली. डिलाइटवर पद्मिनीचे नाव लावले तर ती जाणत्या माणसाच्या नजरेत लगेच खुपते.

अॅम्बेसेडरचेही तसेच. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून ती घेतली गेली. १९६२ पासूनच्या मार्क २ चे ग्रिल चौकड्यांचे. १९७५ च्या मार्क ३ चे आडव्या पट्ट्यांचे. १९७९ च्या मार्क ४ चे आणखी लहान. भंगारात तिन्ही 'अॅम्बेसेडरचे ग्रिल' या एकाच नावाने पडलेली असतात.

म्हणून मालकाने तीन गोष्टी हाताशी ठेवाव्यात. एक, गाडीवरील पट्टीवरचा चासी नंबर आणि नोंदणी पुस्तकातील साल. दोन, त्या सालचे कारखान्याचे पार्ट्स बुक. त्यात प्रत्येक तुकड्याचे चित्र आणि क्रमांक असतो. तीन, घरचे जुने फोटो. लग्नाच्या किंवा हजला निघतानाच्या फोटोत गाडी मागे उभी असते. त्यात चाकाची वाटी, बंपरचे शिंग, आरशाची जागा स्पष्ट दिसते. आमच्या अनुभवात असा एक फोटो दहा दुकानदारांच्या तोंडी ग्वाहीपेक्षा भारी पडतो.

माल कुठे सापडतो?

पहिला शोध घराजवळ करावा. राजापूर, लांजा, संगमेश्वर, चिपळूण या पट्ट्यात बंद पडलेल्या गॅरेजांच्या माळ्यावर, जुन्या पेट्रोल पंपामागे, गोठ्याच्या कोपऱ्यात सामान पडून असते. आपल्या हवेने पत्र्याचे हाल होतात, पण पितळ, काच आणि स्टेनलेस स्टील टिकून राहते.

त्यानंतर मुंबई. भेंडी बाजाराजवळील मटन स्ट्रीट, म्हणजेच चोर बाजार, येथे मोटारीचे बॅज, दिवे, हँडल, घड्याळे यांचे जाणकार दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मूळ नाव 'शोर बाजार', म्हणजे गोंगाटाचा बाजार, असे सांगतात. शुक्रवारी पहाटे रस्त्यावर जुमा बाजार भरतो. ठरावीक दुकानात काम असेल तर दुसरा दिवस निवडावा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. मुंबईबाहेर दिल्लीचे मायापुरी, कोलकात्याचे मलिक बाजार आणि चेन्नईचे पुदुपेट्टै ही नावे या धंद्यात सर्वांच्या तोंडी असतात. कोलकात्याजवळ उत्तरपाड्यात अॅम्बेसेडर बनत असे, आणि स्टँडर्ड हेराल्ड मद्रासला बनत असे. म्हणून ज्या गाडीचा कारखाना जेथे, तिचे सामान तेथे शोधणे शहाणपणाचे.

परदेशाचा मार्गही आहे. फियाट ११०० चे जाणकार इटलीत, मॉरिस ऑक्सफर्ड व ट्रायम्फ हेराल्डचे इंग्लंडात, डॉज-प्लिमथचे अमेरिकेत आहेत. कोकणी मुस्लिम कुटुंबे केपटाऊनपासून लंडनपर्यंत पसरलेली आहेत. सुट्टीवर येणाऱ्या नातेवाइकाच्या पेटीत एक बॅज सहज बसतो. फक्त ध्यानात ठेवावे की इटलीची गाडी डाव्या स्टिअरिंगची असते. बॅज, दिवा, वाटी चालते. डॅशबोर्डचे तुकडे चालतीलच असे नाही. आणि आटे पाहावेत: फियाटचे मिलिमीटरचे, अॅम्बेसेडरचे बहुतेक इंची.

धातूची पारख

दुकानात जाताना खिशात लहान लोहचुंबक ठेवावा. चुंबक चिकटला तर खाली बहुधा साधे पोलाद, वर मुलामा. बंपर आणि चाकाच्या वाट्या बहुधा अशाच. चिकटला नाही तर वजन पाहावे. हातात हलके ते अॅल्युमिनियम. आकाराच्या मानाने जड ते पितळ किंवा जस्ताचे ओतकाम. पातळ, ताठ, गंज नसलेली पट्टी स्टेनलेस स्टीलची असण्याचा संभव अधिक.

हा भेद समजला नाही तर दुरुस्तीत वस्तू हातची जाते. स्टेनलेस स्टीलच्या पट्टीला पोचा आला असेल तर लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने ठोकून, घासून, बफिंग केले की ती मूळ चकाकीवर येते. मुलाम्याची गरज नसते. पितळ जोडता येते, झिजलेले भरता येते. सर्वांत कठीण काम जस्ताचे. जुने बॅज, दिव्यांच्या कड्या, कित्येक हँडल याच मिश्र धातूची आहेत. खारी हवा मुलाम्याच्या बारीक छिद्रातून आत शिरते, आतून जस्त फुगते आणि वर फोड येतात. हा धातू साधारण ३९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो. गॅसची ज्योत लागली की तुकड्याचा गोळा होतो. त्याला जुना मुलामा काळजीपूर्वक उतरवणे, प्रत्येक खड्डा कोरून साफ करणे, कमी उष्णतेच्या डागाने भरणे, मग तांब्याचा थर, घासणे, पुन्हा तांबे, त्यावर निकल आणि अखेरीस क्रोम, असा लांबचा रस्ता आहे. चमक खरी निकलची आणि खालच्या घासकामाची असते. क्रोमचा थर अत्यंत पातळ असतो. जो कारीगर 'उद्या या, क्रोम मारून देतो' म्हणतो त्याच्या हाती जस्ताचा मूळ बॅज देऊ नये.

मुलाम्याच्या धंद्यातील बांधवांना येथेच एक गोष्ट सांगणे जरूर आहे. क्रोमचे पाणी आणि त्याची वाफ फुप्फुसांना अपायकारक आहे, त्यातून कर्करोगही होतो. जस्तावरचा पहिला तांब्याचा थर सायनाइडच्या पाण्यातून चढतो, ते तर उघड विष. वाफ खेचणारा पंखा, हातमोजे आणि सांडपाण्याची रीतसर सोय यावर खर्च करावा. ते पाणी गटारात सोडून मिळवलेली रोजी दुसऱ्याच्या विहिरीत विष घालते.

कापड, रेक्झिन आणि काथ्या

आता आमच्या घरचा विषय. रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या हाइड गावातील एका कारखान्याच्या मालाचे नाव. सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा थर देऊन ते बनत असे. आपल्याकडे पुढे प्लास्टिकच्या थराचे कापड आले, तरी नाव तेच राहिले. जुन्या गाडीच्या सीटचे रेक्झिन ओळखण्याची सोपी खूण वर नसून खाली आहे. तुकडा उलटून पाहावा: जुन्या मालाच्या पाठीला विणलेले सुती कापड, उभा-आडवा धागा स्पष्ट, आजच्या बहुतेक मालाच्या पाठीला बनियनसारखे ताणणारे होजिअरीचे कापड. ताणणारे रेक्झिन जुन्या सीटच्या सरळ घड्यांवर बसवले की दोन उन्हाळ्यांत सैल पडते.

रंग ठरवताना उन्हात पडलेला भाग प्रमाण मानू नये. मागे एक गिऱ्हाईक साठीच्या दशकातील फियाटसाठी राखाडी रेक्झिन मागत आमच्याकडे आले. मुंबईच्या एका दुकानाने 'कारखान्याचा मूळ रंग' म्हणून राखाडी नमुना देऊन आगाऊ रक्कमही घेतली होती. आम्ही सीट दुकानात आणवली आणि पाइपिंगची शिवण उसवली. आत घडीखाली रंग निघाला गडद निळा; वर पन्नास पावसाळ्यांत तो राखाडी झाला होता. आगाऊ रक्कम परत मिळाली नाही, पण गाडी चुकीच्या रंगात जाण्यापासून वाचली. पाइपिंगच्या आत, दाराच्या पॅडमागे, सीटच्या तळाशी खिळ्यांखाली मूळ रंग जपलेला असतो. नमुना नेहमी दिवसाच्या उजेडात जुळवावा, ट्यूबलाइटखाली जुळवू नये. पूर्ण गाडीचा माल एकाच लॉटमधून घ्यावा आणि मीटरभर जास्त ठेवावा. दुसऱ्या लॉटचा रंग थोडा तरी फिरतोच.

जुने कव्हर उसवताना फाडू नये. प्रत्येक तुकड्यावर खडूने 'पुढे', 'मागे', 'डावे', 'उजवे' लिहून तेच नवीन कापडासाठी माप म्हणून वापरावे. घड्या किती आणि किती अंतरावर, शिवणीचे टाके इंचाला किती, हे मोजून लिहावे. आत स्प्रिंग, त्यावर गोणपाट, त्यावर काथ्या किंवा कापूस अशी जुनी रचना असेल तर फोमचा एकच ठोकळा कोंबू नये. सीटची उंचीच बदलते. काथ्या तर आपल्या कोकणातच मिळतो. दारांच्या व काचांच्या रबरी बीडिंगबाबत मात्र जुन्याचा हट्ट धरू नये. रबर वयाने कडक होते आणि पाणी आत घेते. दोन इंचाचा जुना तुकडा नमुना देऊन त्याच आकाराचे नवे घेणे योग्य.

चार नावे, चार किमती

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या बाजारात 'ओरिजिनल' हा शब्द इतका झिजला आहे की त्याला अर्थच उरला नाही. वास्तविक माल चार प्रकारचा असतो. पहिला, त्या सालचा न वापरलेला, दुकानात पडून राहिलेला माल. दुसरा, गाडीवरून उतरवलेला जुना अस्सल माल. तिसरा, जुनाच पण दुरुस्त करून नवा मुलामा दिलेला. चौथा, नमुन्यावरून आज बनवलेला. चारही विकणे जायज आहे. चौथा तर कारीगराच्या हुनराची कमाई आहे, त्यात लाज कसली? लाज आहे ती चौथा माल पहिल्याच्या नावाने विकण्यात. नवीन ओतलेल्या बॅजला मातीत पुरून, आम्लाने डाग देऊन 'जुना' करण्याचे प्रकार होतात. असे करणारा स्वतःच्या हाताची किंमत स्वतःच पुसतो.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, आतील धान्य ओले लागले, आणि ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. मुलाम्याखालचा खड्डा आणि ढिगाखालचे ओले धान्य यांत फरक नाही. फिकहमध्ये खियारे ऐबचा नियम आहे: लपवलेला दोष निघाला तर गिऱ्हाइकाला माल परत करण्याचा हक्क राहतो. 'बिका हुआ माल वापस नहीं होगा' अशी पाटी लावल्याने जाणूनबुजून लपवलेल्या दोषाची जबाबदारी संपत नाही.

आमची सूचना साधी आहे. बिलावर चारपैकी प्रकार लिहावा, दोष लिहावा, कोणत्या सालच्या गाडीचा माल ते लिहावे. नवीन बनवणाऱ्याने तुकड्याच्या पाठीमागे, जेथे दिसत नाही तेथे, आपली खूण उमटवावी. आज गिऱ्हाईक कमी वाटेल, पण दूरदूरचे हौशी लोक एकमेकांना विचारूनच खरेदी करतात. एका गाडीत फसवलेला माणूस दहा गाड्या दुसऱ्या दारी पाठवतो.

चोरीच्या मालापासून दूर

दुसरा धोका याहून मोठा. मीरतचे सोती गंज जुन्या सुट्या भागांसाठी देशभर प्रसिद्ध होते. चोरीच्या गाड्या तेथे तोडल्या जातात म्हणून पोलिसांनी कारवाई केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो बाजारच बंद झाला. चोराबरोबर सरळ धंदा करणाऱ्याचेही शटर खाली आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे. त्यामुळे पूर्ण गाडी तोडायला घेताना नोंदणी पुस्तक, मालकाचे ओळखपत्र आणि लेखी विक्रीपत्र घेतल्याशिवाय स्पॅनर लावू नये. सुटा माल घेतानाही विकणाऱ्याचे नाव वहीत उतरवावे. आपल्या बाजारांकडे आधीच संशयाने पाहिले जाते. अशा वेळी नीट लिहिलेली वही हीच आपली ढाल.

रत्नागिरीच्या कारीगरांसाठी

मूळ साज जितका दुर्मिळ होईल तितकी दुरुस्ती व नवनिर्मितीची मागणी वाढेल. एकट्या दुकानाला हे काम पेलत नाही, कारण एका गाडीला ओतारी, मुलामेवाला, कुशनवाला, काचवाला आणि पेंटर सगळे लागतात. मिरजोळे औद्योगिक वसाहतीपासून राजिवड्यापर्यंत हे सर्व हुनर आपल्याकडे सुटे-सुटे आहेत. चार-पाच जणांनी मिळून एक नमुन्यांची पेटी करावी: कोणत्या सालचा कोणता बॅज, कोणते रबर, कोणत्या रेक्झिनचा दाणा, प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली. कोल्हापूरचे ओतकाम आणि मुंबईचा बाजार आपल्या हाताच्या अंतरावर आहेत. तरुण मुले आखाताच्या व्हिसाची वाट पाहत बसतात. त्यांपैकी काहींनी दोन वर्षे वृद्ध उस्तादाच्या हाताखाली बफिंग किंवा कुशनचे काम शिकले तर ते हुनर येथेही चालेल आणि तेथेही.

मालकांनाही एक विनंती. गाडीवर प्लास्टिकचा ताडपत्रीचा झाप घट्ट बांधू नका. आत दमट हवा कोंडून साज खराब होतो. आत सुती चादर, वर हवा खेळेल असे छप्पर ठेवा, आणि पावसाळ्याआधी चकाकत्या भागांवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. तुटलेला मूळ तुकडा कधी भंगारात देऊ नका; नमुना म्हणून त्याचीच किंमत सर्वांत अधिक असते.

जुना माल अल्लाहने आपल्या हाती अमानत म्हणून आणला आहे असे समजून जो त्याला खरे नाव आणि खरी किंमत देईल, त्याच्या गल्ल्यात बरकत राहील आणि दुकानाची साख मुलांच्या कामी येईल, इन्शाअल्लाह.